आबांची गाठ

चौदा एप्रिलच्या आधी घराला रंग द्यायचा, ही आमच्या घरची जुनी रीत आहे. यंदाही मार्चअखेरीचे ऑफिसातले हिशेब उरकल्यावर एका रविवारी माळ्यावरचे सामान खाली काढले. जुन्या गोधड्या, फुटका स्टोव्ह, माझी बी.कॉम.ची पुस्तके, आणि सगळ्यात मागे दूध पावडरीचा एक गंजलेला डबा. डब्याभोवती तंगूसाचा दोरा गुंडाळलेला होता. दोऱ्यात रबरी चपलेचा एक कापलेला तुकडा आणि एक निळा काचेचा मणी ओवलेला होता. त्याच्या वर दोऱ्यालाच बांधलेली काळपट सुताची एक बारीकशी गाठ होती.

माझा मुलगा आठवीत शिकतो. त्याने डबा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि नखाने ती गाठ ढकलून पाहिली. गाठ थोडी सरकली.

"पप्पा, ही गाठ सरकते बघा. कुणीतरी नीट बांधलेली नाही."

"हात लावू नकोस तिला!" मी ओरडलो. आवाज एवढा चढला की रंगारीसुद्धा वळून पाहू लागला. मुलगा बिचारा डबा खाली ठेवून गप्प बसला.

नंतर मला वाईट वाटले. त्याची काय चूक? ती गाठ सरकावी म्हणूनच तशी बांधलेली आहे, हे मी त्याला कधी सांगितलेच नव्हते. ती कोणी बांधली आणि कशासाठी बांधली, हेही सांगितले नव्हते. रात्री जेवणे झाल्यावर त्याला जवळ बसवून सगळे सांगितले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या माळ्यावर असा एखादा डबा असेल.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मुंबईच्या एका कापड गिरणीत विणकर होते. चार साचे सांभाळायचे. ताण्यातला धागा तुटला की साचा थांबवायचा, तुटलेली दोन टोके शोधायची, विणकरी गाठ मारायची आणि साचा पुन्हा सुरू करायचा. असे दिवसातून किती वेळा करायचे याला हिशेब नव्हता. आई सांगते, आबा झोपेतसुद्धा बोटे हलवून गाठी मारायचे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कुणी मागे घेतला असे कधी झालेच नाही; माणसे तेवढी एकेक करून विखुरली. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. आबांना पुन्हा कामावर बोलावणे आले नाही. गिरणगावातली भाड्याची खोली सोडावी लागली आणि आमचे बिऱ्हाड ठाण्याच्या पलीकडे, पारसिकच्या डोंगराच्या बाजूला एका वस्तीत आले. आई चार घरची भांडी घासायची. आबा नाक्यावर उभे राहायचे. काम मिळाले तर मिळाले. पावसाळ्यात बांधकामे बंद पडली की आठ-आठ दिवस हात रिकामे.

वस्तीच्या मागे एक जुनी दगडखाण होती. दगड काढून संपल्यावर मालकाने ती तशीच सोडून दिली होती आणि वर्षानुवर्षांच्या पावसाने ती भरली होती. तिच्यात मासे कोणी सोडले कुणास ठाऊक, पण चिलापी भरपूर होती आणि अधूनमधून मरळही मिळायची. आबा गळ टाकायला जायचे ते हौस म्हणून नव्हे. घरात डाळ नसेल त्या दिवशी कालवणाची सोय व्हावी म्हणून.

आता गळाची अडचण काय असते ते सांगतो, म्हणजे त्या गाठीचा उपयोग कळेल. ओढ्यात किंवा तळ्याच्या काठाला पाणी उथळ असते. तिथे बांबूची काठी, काठीएवढा दोरा आणि दोऱ्यावर घट्ट बसवलेले बूच पुरते. पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेला आम्ही बूच म्हणायचो, मग ते कशाचेही असो. बुचापासून गळापर्यंत दोरा जितका, तितक्या खोलीवर आमिष लोंबकळते. मासा ओढायला लागला की बूच बुडते. पण खाणीचे तसे नाही. खाणीचा काठ भिंतीसारखा उभा तुटलेला असतो. पहिल्याच पावलाला पंधरा-वीस फूट पाणी. मासे खाली आणि आमिष वरच्या चार-पाच हातांत, मग दिवसभर बसले तरी बूच हलत नाही. बूच घट्टच ठेवून पंधरा फुटांवर बसवले, तर तेवढा लांब दोरा हवेत गरगर फिरवून फेकणार कसा? झुडपात अडकतो, नाहीतर स्वतःच्याच पाठीत गळ बसतो.

आबांनी यावर काढलेला तोडगा त्या डब्यात होता. बूच घट्ट बसवायचेच नाही, दोऱ्यावर मोकळे सरकू द्यायचे. आणि वर, जितकी खोली हवी तितक्या अंतरावर, दोऱ्याला सुताची गाठ मारून ठेवायची. फेकताना बूच खाली वजनाजवळ येऊन बसते, म्हणून फिरवायला दोनच हात दोरा असतो. गाठ तेव्हा डब्यावर गुंडाळलेल्या दोऱ्यात असते. गळ पाण्यात पडला की वजन खाली जाऊ लागते, दोरा बुचाच्या भोकातून सरसर ओढला जातो, आणि ठरलेली खोली आली की गाठ येऊन अडते. तिथे बूच ताठ उभे राहते. खोली बदलायची असेल तर गाठ नखाने वर किंवा खाली सरकवायची, सगळे सोडून पुन्हा बांधायला नको. इंग्रजीत हिला स्टॉप नॉट म्हणतात, हे मला फार उशिरा समजले. आबा तिला अडगाठ म्हणायचे.

ती बांधायची कशी, हे मी मुलाला जसे शिकवले तसेच लिहितो. आपल्या मुलांबरोबर वाचकांनीही करून पाहावे. घरात बसून सराव करताना तंगूसाऐवजी जाड सुतळी आणि वर रंगीत दोरा घेतला तर वेढे स्पष्ट दिसतात.

दीड वीत लांबीचा सुती दोरा घ्या. शिलाईचा जाड दोरा चालतो, पण सुतीच घ्यावा. आबा म्हणायचे, सूत भिजले की अंग धरते. ते गिरणीतल्या माणसाचे ज्ञान होते, आणि ते खरे आहे. कापसाचा धागा ओला झाल्यावर कमजोर होत नाही, उलट अधिक मजबूत होतो. हा दोरा तंगूसाला लागून, त्याच्याच दिशेने आडवा धरा. आता दोऱ्याचे उजवे टोक मागे वळवून डावीकडे आणा. तंगूसाच्या अंगाला दोऱ्याचा एक फेर तयार होईल. तो डाव्या हाताच्या चिमटीत धरून ठेवा. मग तेच वळवलेले टोक फेराच्या आतून घालून, तंगूस आणि दोरा दोन्हींना मिळून पाच वेढे द्या. प्रत्येक वेढा फेराच्या पोटातूनच गेला पाहिजे. एखादा बाहेरून गेला तर गाठ ओढताना सुटते. वेढे झाले की दोन्ही टोके दोन बाजूंना हळूहळू, सारख्या जोराने ओढा. वेढे एकमेकांवर चढता कामा नयेत, शेजारी शेजारी बसले पाहिजेत.

"गाठीला दाबायची नाय. तिला बसू द्यायची," आबा म्हणायचे.

गाठ अर्धी आवळली की ती ओली करायची. कोरडी गाठ जोरात ओढली तर घासून गरम होते आणि खालचे तंगूस तिथेच कमजोर पडते. मोठा मासा लागला की दोरा नेमका त्याच जागी तुटतो. ओली केल्यावर पुन्हा ओढायची, आणि नखाने जोर देऊन सरकवली तर सरकेल, पण बूच येऊन आदळले तर हलणार नाही, इतकी घट्ट करायची. हा अंदाज सांगून येत नाही. दहा वेळा बांधली की बोटांना आपोआप कळतो. उरलेली टोके अगदी मुळाशी कापू नयेत, बोटाच्या पेरभर ठेवावीत. पुढे गाठ सैल झाली तर तीच टोके ओढून पुन्हा आवळता येते.

गाठीच्या खाली एक मणी ओवायचा. बुचाचे भोक मोठे असते, गाठ लहान. मणी नसेल तर गाठ भोकातून निघून जाते. आमच्या डब्यातला निळा मणी आईच्या तुटलेल्या माळेतला. बूच म्हणजे जुन्या हवाई चपलेचा अंगठ्याएवढा तुकडा. तापवलेल्या तारेने त्याला आरपार भोक पाडून त्यात बॉलपेनची संपलेली रिफिल बसवलेली, म्हणजे दोरा अडखळत नाही. बुचाच्या खाली वजन. आबा शिशाचे मणी दाताने चावून दोऱ्यावर दाबायचे. ते मात्र कुणी करू नये, शिसे विषारी असते. सायकलच्या दुकानातला एक जुना नट बांधला तरी काम भागते. वजन पुरेसे हवे, कारण तेच दोरा बुचातून खाली ओढून नेते. फार हलके असेल तर बूच मध्येच थांबते आणि आपल्याला वाटते आमिष तळाशी पोचले. वजन गळापासून हातभर वर असावे, म्हणजे बूच घसरून गळावर येत नाही.

हे सगळे आबांनी मला १९९० साली एका रविवारी शिकवले. त्या रविवारच्या आधी जे घडले, ते मी मुलाला सांगावे की नाही याचा बराच विचार केला. शेवटी सांगितले.

मी पाचवीत होतो. शाळेत गरीब मुलांना वह्या-पुस्तकांच्या मदतीसाठी एक अर्ज भरायचा होता. त्यात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता. माझ्या शेजारच्या मुलाने लिहिले 'रेल्वे'. त्याच्या पुढच्याने 'शिपाई'. मी लिहिले 'गिरणी कामगार'. आबांना गिरणीतून बाहेर पडून आठ वर्षे झाली होती. पण दुसरे काय लिहायचे? नाक्यावर उभे राहतात, खाणीत डब्याने मासे धरतात, असे लिहायचे? माझ्या वर्गातल्या दोन मुलांनी त्यांना एकदा खांद्यावर पिशवी आणि हातात डबा घेऊन जाताना पाहिले होते, तेव्हा मी आबांना ओळख दिली नव्हती. आज हे लिहितानाही हात थांबतो.

गुरुजींनी अर्ज वाचून सांगितले, वडील गिरणीत आहेत ना, मग पगाराची चिठ्ठी आण. त्यांचे काही चुकले नाही, मी लिहिले तेच ते विचारत होते. मी चार दिवस टाळाटाळ केली. पाचव्या दिवशी त्यांनी आबांनाच बोलावून घेतले. आबा धुतलेला सदरा घालून आले, टेबलापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, मी आता गिरणीत नाय. संपात बाहेर पडलो तो बाहेरच आहे." गुरुजींनी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. माझे अक्षर त्यांनी वाचले. माझ्याकडे पाहिले नाही. माझ्याच पेनाने ते दोन शब्द खोडले आणि वर सावकाश लिहिले, 'मजुरी'. खाली सही केली.

घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. घरीही नाही. मार पडेल म्हणून मी वाट पाहत होतो. रविवारी सकाळी डबा उचलून म्हणाले, "चल."

खाणीवर त्यांनी मला कडेपासून दूर, एका सपाट दगडावर बसवले आणि हातात सूत दिले. माझ्या पहिल्या सहा-सात गाठी सुटल्या. वेढे एकमेकांवर चढायचे. ते उसवून पुन्हा सूत हातात द्यायचे. शेवटी एक बसली. तेव्हा त्यांनी माझ्या हातातून दोरा घेतला, गाठ ओठांवरून फिरवली, थुंकीने ओली केली आणि आवळली. पाणी तर समोर होते, मग थुंकी कशाला, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी सांगितलेली गोष्ट मी पुढे पुस्तकांतही वाचली.

माझे आजोबाही गिरणीत होते, पण रिंग खात्यात. विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथे आपल्या माणसांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणजे एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे इतर कामगारांचे म्हणणे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला, की कामगार सगळे एक असतील तर सगळी खाती सगळ्यांना खुली पाहिजेत. तरीही आजोबांचा जन्म रिंग खात्यातच गेला. आमच्या घराण्यात साच्यावर उभे राहणारे आबा पहिले.

"तुझ्या आज्याची थुंकी चालत नव्हती," आबा म्हणाले. "माझी चालली. बारा वर्षं मी साच्यावर कापड काढलं. ते कुणाकुणाच्या अंगावर गेलं असेल."

मग त्यांनी गळाला आमिष लावलेच नाही. गळात एक जड नट अडकवला आणि म्हणाले, "आता पाणी माप." मी विचारले, किती असेल? ते म्हणाले, "वरून सांगता येत नाय. वरून सगळं पाणी सारखंच दिसतं."

खोली मापायची रीत अशी. तळाला टेकेल एवढा जड नट गळात अडकवून फेकायचा. गाठ फार खाली असेल, म्हणजे मोकळा दोरा खोलीपेक्षा कमी असेल, तर नट बुचाला ओढून पाण्याखाली घेऊन जातो. गाठ फार वर असेल तर बूच पाण्यावर आडवे लोळत राहते, कारण नट तळाला टेकलेला असतो आणि वर दोरा सैल पडलेला. दोन्हींच्या मध्ये, बुचाचे टोक जेमतेम पाण्याबाहेर दिसेल, अशा ठिकाणी गाठ आणायची. मग गळापासून गाठीपर्यंत जितका दोरा, तितके पाणी. त्यानंतर नट काढायचा, आमिष लावायचे आणि तळापासून जेवढे वर हवे तेवढी गाठ खाली घ्यायची.

त्या दिवशी मी फेकत होतो आणि बूच बुडत होते. मी गाठ हातभर वर सरकवायचो, पुन्हा फेकायचो, पुन्हा बुडायचे. मला वाटले होते पाणी फार तर दोन पुरुष असेल. अखेर बूच उभे राहिले तेव्हा आबांनी दोन्ही हात पसरून दोरा मापला. एका हाताच्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत एक वाव. तीन वाव भरले. साडेसोळा फूट. आम्ही बसलो होतो तिथून चार पावलांवर.

दोरा डब्यावर गुंडाळत ते सहज म्हणाले, "फारमात खरं असेल तेच लिहायचं. मजुरी करतो, तर मजुरी लिहायची. त्यात लाजायचं काय? मी काय चोरी करतो?"

एवढेच. पुन्हा तो विषय त्यांनी आयुष्यात काढला नाही. त्या दुपारी आम्ही पाच चिलाप्या आणल्या. घरात माणसे चार आणि एक शेजारच्या आजीला. पाच झाल्या की ते दोरा गुंडाळायचे, मासे कितीही लागत असले तरी. बोटाएवढी लागली तर गळ हलकेच काढून परत सोडायचे.

आज मी एका कार्यालयात कारकून आहे. रविवारी वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतो. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड. व्यवसायाच्या रकान्यापाशी आले की बायामाणसे आवाज खाली करतात. कचरा वेचणारी बाई म्हणते, "काहीतरी बरं लिहा ना साहेब." मी त्यांना सांगतो, ताई, जे करता तेच लिहू. खोटा रकाना पुढे अडवतो, त्याची पगाराची चिठ्ठी कुणीतरी मागतेच. हे मी कुठल्या शिबिरात शिकलो नाही. खाणीच्या काठावर शिकलो.

माझी गोष्ट संपल्यावर मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "पण पप्पा, आपण विहारात पहिले शील म्हणतो. मग आबा मासे कसे मारायचे?"

प्रश्न बरोबर होता आणि तो टाळणे बरे नव्हे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जीव घेण्याची इच्छा आणि जीव घेण्याची गरज यांत फरक केला आहे, ते त्याला समजावून सांगितले. आबांच्या पाच माशांमागे पाच ताटे होती. पण आज आपल्या घरी महिन्याचा पगार येतो, बाजारात डाळ-भाजी मिळते. आज मी निव्वळ मजा म्हणून गळ टाकून बसलो तर त्याला गरज म्हणता येईल का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. मी विचारले आणि गळ काढून ठेवला. गाठ मात्र ठेवली.

कारण गाठीला गळ लागतोच असे नाही. मे महिन्यात आम्ही गावी गेलो. गावच्या तलावाला जुन्या पायऱ्या आहेत आणि उन्हाळ्यात पोरे तिथे उड्या मारतात. दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. जुनी खाण, शेततळे, बंधारा, सगळीकडे पाणी वरून सारखेच दिसते. मुलाने नवे तंगूस घेतले, नवी गाठ बांधली, चपलेचे बूच आणि गळाऐवजी नुसता नट. आम्ही बापलेक पायरीवर बसून तलाव मापू लागलो. शेवटच्या पायरीवर पाणी गुडघाभर. तिथून दोन हात पुढे फेकले तर बूच बुडाले. गाठ वर घेतली, पुन्हा बुडाले. पोरे भोवती जमली. उभे राहिले तेव्हा मी टेप लावला. अकरा फूट. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट अकरा फुटांत. तिथे एकेकाळी गाळ काढण्यासाठी खोदले असावे.

ज्यांना पोहता येत नव्हते ती पोरे एकमेकांकडे पाहू लागली. एकजण म्हणाला, "मी कालच इथं उभा होतो." कुणी त्यांना रागावले नाही, भाषण दिले नाही. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बूच बुडताना पाहिले होते. घरून जयंतीच्या रंगातला उरलेला निळा डबा मी गावी नेला होता, आईच्या खोलीच्या दाराला लावायला. त्यातला थोडा घेऊन मुलाने पायरीशेजारच्या दगडावर मोठ्या अक्षरात लिहिले, 'पुढे पाणी अकरा फूट'. पावसात तलाव भरेल, आकडा वाढेल, तेव्हा गावातल्या मुलांनी पुन्हा मापून लिहायचे असे ठरले. गाठ बांधायला त्यांतली चार जणे शिकली आहेत.

आबा २०११ साली गेले. ती खाण आता भरावाने बुजली आहे, वर इमारती उभ्या आहेत. तिथे राहणाऱ्यांना खाली कधी पाणी होते हे ठाऊकही नसेल.

गावाहून आल्यावर मुलाने तो जुना डबा स्वतःहून आईपुढे ठेवला. म्हणाला, "आजी, मी गाठ सरकवली होती. ती कुठे होती ते मला लावून दे." आईने चष्मा लावला. गळापासून दोरा धरून हात पसरत गेली, एक, दोन, तीन. मग म्हणाली, "माझे हात त्यांच्याएवढे नाहीत रे. वीतभर आणखी सोड." मुलाने नखाने गाठ वीतभर वर घेतली. सूत जुने झाले होते, पण गाठ तिथे बसली आणि थांबली.